दिवसाला दहा फेऱ्या

लीड्सहून स्कॉटलंडच्या डोंगरात स्कीइंगला जायचं ठरलं तेव्हाच प्रणवने जाहीर करून टाकलं होतं, दिवसाला दहा फेऱ्या, चारही दिवस. त्याची बायको अक्षया हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. दर हिवाळ्यात असल्या सुट्ट्यांवरून गुडघे दुखवून आलेली माणसं तिच्यापुढे बसत. "पहिल्या दिवशी निम्मंच करायचं. तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तेव्हा दुपारी आराम," असं तिने दोनदा सांगून पाहिलं. प्रणव हसला. "आईला बघ. बासष्टची आहे, पण कुरकुर नाही."

आई म्हणजे अरुणाताई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. पहिल्या सकाळी त्या सोप्या उतारावर पडत-उठत शिकल्या आणि मग थांबल्याच नाहीत. प्रणव त्यांचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकी. खाली लिही, 'सूनबाई कॅफेत, आई डोंगरावर.'

तिसऱ्या दिवशी सहाव्या फेरीनंतर अक्षयाच्या मांड्या भरून आल्या. तिने स्की काढून खांद्यावर टाकल्या.

"चार राहिल्या," प्रणव म्हणाला.

"तुझ्या राहिल्या. माझ्या झाल्या."

"आई अजून..."

"आईंचं नाव काढू नकोस," म्हणत ती चालू लागली. रागाने तिचे कान तापले होते. प्रणवचा राग होताच, पण त्याहून जास्त सासूबाईंचा. या बाईला एकदा तरी दमायला काय होतं?

बूट बदलायच्या खोलीत अरुणाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बुटाचं बकल उघडायला वाकू बघत होत्या, पण वाकता येत नव्हतं. अक्षयाने खाली बसून बकलं सोडली, बूट-पायमोजा उतरवला, पँट गुडघ्याच्या वर सरकवली. नडगी काळीनिळी पडली होती, गुडघा सुजून टम्म झाला होता.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तू थांबलीस की तो काय बोलतो, ते ऐकत होते ना. म्हटलं, मीही थांबले तर..."

"तर काय? एकदा 'दमले' म्हणाला असतात तर तीन दिवस तुमच्या नावाने मला टोमणे खावे लागले नसते."

अक्षयाची बोटं गुडघा चाचपत होती आणि आता तिला स्वतःचाच संताप येत होता. माणसाची चाल बघून दुखणं ओळखणारी आपण. घरातली बाई तीन दिवस लंगडत होती आणि आपल्याला दिसलं नाही, कारण तिच्याकडे बघायचंच नव्हतं.

प्रणव दारातून डोकावला. "आई, चल. डोंगरावर जायची लिफ्ट अर्ध्या तासात बंद होईल."

"मी येत नाही."

"अगं, काल तर किती मस्त उतरलीस."

"काल रडत उतरले. गॉगलमुळे तुझ्या व्हिडिओत दिसलं नसेल."

तो त्या गुडघ्याकडे बघत राहिला. "मग मला सांगायचं ना."

"मी सांगितलं होतं," अक्षया म्हणाली. "लीड्समध्येच. गाडीची किल्ली दे."

त्याने खिशातून काढून दिली.

पार्किंगकडे जाताना सासूबाईंचं सगळं वजन तिच्या खांद्यावर होतं. "त्याला फार बोलू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मुद्दाम नाही केलं त्याने."

अक्षया थांबली. "आई, हे आधी बंद करा. मी बोलणार आहे, आणि आजच."

तिने त्यांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ कोंबला, हवा होता त्याहून जोरात, आणि पिशवी टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर धरली.

"दुखलं तर सांगा."

"दुखतंय," अरुणाताई म्हणाल्या. "खूप दुखतंय."