खुणेचं नाव

संशोधक बाईंनी खुर्ची ओढून वर्गाच्या दारातच मांडली आणि ठाण मांडून बसल्या. आता दार लावायचं तर मुख्याध्यापिकांना त्यांना खुर्चीसकट उचलावं लागलं असतं.

"एकदा नाही म्हटलेलं कळत नाही का तुम्हाला?"

"परवानगी वरून आलीय. पालकांनीही होकार दिलाय."

"मुलांना कोण मारतं, एवढंच विचारायचंय ना? मग धडधाकट मुलांच्या शाळेत जा. या बहिऱ्या पोरांना प्रश्न तरी कळणार आहेत का?"

"मागच्या पाहणीत हेच झालं. प्रश्न हेडफोनवर ऐकवायचे होते, म्हणून अशा शाळाच वगळल्या. आणि अहवालात छापलं, सर्व मुलांशी बोललो."

तो अहवाल लिहिणाऱ्यांत बाई स्वतः नव्हत्या, पण राग असा होता की जणू त्यांचंच नाव बुडालं होतं. मुख्याध्यापिकांनाही ही बया डोळ्यांसमोर नको होती. शेवटी नाक मुरडत त्यांनी अट घातली. आज नुसती ओळख, तीही त्यांच्यासमोर. मुलं बुजली नाहीत, तरच उद्या बंद खोलीत एकेकाला प्रश्न विचारायचे. बुजली, तर सामान उचलायचं आणि चालू लागायचं.

बाईंसोबतची दुभाषी मुलगी बहिऱ्या आईबापांची होती. तिने हात हलवायला सुरुवात करताच वर्ग खुलला. पुढच्या बाकावरच्या मुलीने बाईंना लगेच खुणेचं नाव ठेवलं: नाकावरून घसरणारा चष्मा बोटाने वर ढकलायचा. सगळे पोट धरून हसले.

मुख्याध्यापिकांनाही राहवलं नाही.

"सगळ्यांना नावं ठेवलीत या कार्ट्यांनी. मी म्हणजे हनुवटीवरचा तीळ. स्वयंपाकी म्हणजे मिशा. आणि वसतिगृहाचे अधीक्षक म्हणजे हे."

त्यांनी डाव्या हाताची करंगळी उजव्या मुठीत धरली आणि मागे वाकवली.

"मीसुद्धा त्यांना असंच म्हणते. कितीतरी वर्षं झाली. का, ते देव जाणे!"

वर्गातलं हसू विरलं. बाईंचे प्रश्न ओठांवर आले होते, पण ते उद्याचे होते, बंद खोलीतले. पुढच्या बाकावरच्या मुलीला मात्र कोणी अट घातली नव्हती. तिने आपला हात बाकावर पसरून ठेवला. चार बोटं सरळ होती, करंगळी वाकडी होती. शेजारच्या मुलाने आपला हात झटकन बाकाखाली नेला.

"गेल्या वर्षी खेळताना पडली होती ती," मुख्याध्यापिका म्हणाल्या. कोणी काही विचारलं नव्हतं. त्या बाकाखाली गेलेल्या हाताकडे बघत राहिल्या.

"काय चाललंय इथं?"

अधीक्षक दाराबाहेर उभे होते. बाईंच्या खुर्चीने त्यांची वाट अडली होती. मुलं मुख्याध्यापिकांकडे बघत होती, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. कोण आलंय हे मुलांना सांगायला मुख्याध्यापिकांचे हात सवयीने वर आले. मूठ करंगळीवर आवळली आणि तिथेच थांबली.

मग त्यांनी हात सोडले आणि बाईंवरच खेकसल्या.

"नुसत्या बघत काय बसलात? खुर्ची आत घ्या आणि दार लावा."