सगळी आली का?

हरिबा मेंढरं मोजत नसे. मोजली की नजर लागते आणि नजर लागली की एक कमी होतं, हे त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं, आणि बापाला त्याच्या बापानं. दिवस कलला की तो वाघरीच्या तोंडाशी काठी टेकून उभा राही, त्या जाळीच्या कुंपणात शिरणारं एकेक तोंड बघे. शेवटचं आत गेलं की रतनबाई चुलीपासून विचारी, "सगळी आली का?" तो म्हणे, "आली." संपला हिशेब. शिरूर कासारच्या माळावर चाळीस वर्षं हे असंच चाललेलं. कुणाला हसायचं त्यानं खुशाल हसावं, पण हरिबाचं मेंढरू हरवलं असं कुणी म्हणून दाखवावं.

आणि अशा माणसाच्या पोटी बबिता जन्मली, जिला मोजण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. वाघरीला पाठ लावून अभ्यास केलेली ही पोर, शिकत शिकत पार समुद्रापर्यंत गेली. आता विशाखापट्टणमला असते. समुद्राचं पाणी कुठून कुठं वाहतं, किती तापतं, त्यात मासळीचं खाणं कुठं वाढतं, हे सगळं ती संगणकात मांडते. त्यासाठी तिनं पिवळी, छातीएवढ्या उंचीची यंत्रं बंगालच्या उपसागरात सोडलेली. ती प्रवाहाबरोबर वाहतात, खाली खोल बुडी मारतात, आणि दर दहा दिवसांनी वर येऊन पाण्याची ऊब नि खारटपणा उपग्रहाला कळवतात.

हरिबानं समुद्र पाहिलेला नव्हता. तरी हे काम त्याला पहिल्या फटक्यात समजलं, कारण ते त्याच्याच धंद्यातलं होतं. सोडायचं, फिरू द्यायचं, आणि वेळेवर परत येतंय का बघायचं.

घोटाळा झाला तो भादव्यात, बाजारच्या दिवशी. चहाच्या हॉटेलात गहिनीनाथ बसलेला. हरिबाच्या बरोबरीचा, जिभेला हाड नसलेला गडी.

"काय बे हरिबा, पोरगी समिंदरात काय करती म्हने? मासे धरती का?"

चार लोक हसले. हरिबाला ते लागलं, आणि जन्मात केलं नव्हतं ते त्यानं केलं. "चाळीस यंत्रं हायत तिची पान्यात," तो म्हणाला. "मोज बोटावर. चाळीस."

तीन आठवड्यांनी बबिताचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, दहा-दहा दिवसांच्या दोन पाळ्या झाल्या, एक यंत्र वर आलं नाही. हरिबा होता तिथंच खाली बसला. त्या दिवसापासून त्याला भाकर गोड लागेना.

कोजागिरीनंतर बबिता चार दिवस घरी आली. पोरीचं तोंड उतरलेलं. हरिबानं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तिच्या संगणकातल्या समुद्रात, नद्यांचं पाणी येऊन मिळतं त्या भागात, गोड्या पाण्याचा जाड थर दिसत होता. तिच्या संस्थेतले थोरले साहेब म्हणत होते, इतका जाड थर तिथं नसतोच, तुझं गणित चुकलंय. ते एक यंत्र नेमकं त्याच भागात होतं. ते वर आलं तर खरंखोटं ठरणार होतं. नाही आलं तर वर्षाअखेर त्याचं नाव यादीतून काटणार, आणि तिचं तीन वर्षांचं काम कपाटात जाणार.

"बबे," हरिबा खाली बघत म्हणाला, "तुजं यंत्र म्या घालवलं. बाजारात म्या आकडा बोललो."

बबिता हसली नाही. हे त्यानं पुढं कितीतरी जणांना सांगितलं, की एवढी शिकलेली पोर, पण बापाला हसली नाही. ती उठली, लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, अर्धी पाण्यानं भरली, त्यात पसाभर मीठ विरघळवलं आणि आईच्या कोंबडीचं एक अंडं त्यात सोडलं. अंडं वर तरंगलं.

"हे खारं पानी. आता बघा, आबा."

तिनं पळीच्या पाठीवरून, अगदी दमानं, साधं पाणी वर ओतलं. बरणी भरत गेली, पण अंडं काही पाण्याबरोबर वर चढलं नाही. मधेच थांबलं. वर चार बोटं गोडं पाणी, खाली खारं, आणि अंडं दोन्हीच्या मधे लटकलेलं.

"गोडं पानी हलकं. यंत्राला त्यात वर चढायला जोर पुरत न्हाई," ती म्हणाली. "माझं यंत्र हरवलं न्हाई, आबा. ते दर दहा दिवसांनी वर येतंय, टकरा मारतंय आन परत खाली जातंय. हेच पानी झाकनावानी बसतं, खालचं मासळीचं खानं वर येऊ देत न्हाई. आन ते तापलं की तिथलं ढग उठून पार आपल्या डोंगरापतूर येत्यात."

हरिबा बरणीकडं बघत राहिला. हजार कोसांवर, पाण्याखाली, डोळ्यांना न दिसणारं जनावर कुठं आणि का अडलंय हे पोर चुलीपाशी बसून सांगत होती. आपल्या बापालासुद्धा हे जमलं नसतं, त्याच्या मनात आलं. त्याचे डोळे भरले, आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"मग सुटंल कवा?"

"थंडीचं वारं सुटलं की पानी घुसळतं. मार्गशीर्षात यील. माझं गणित बरूबर आसंल तर."

बबिता गेली. संध्याकाळी मेंढरं आत शिरली, रतनबाईनं विचारलं, "सगळी आली का?"

"न्हाई," हरिबा म्हणाला. "एक भाईर हाय."

मग रोजच तो तसं म्हणू लागला. रतनबाईनं एकदाही त्याला वेड्यात काढलं नाही.

बाजारात गहिनीनाथ टपूनच होता. "काय बे, बुडालं का समिंदरातलं मेंढरू?" हरिबानं हॉटेलवाल्याकडून ग्लास, मीठ आणि अंडं मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर प्रयोग मांडला. घाई झाली, गोडं पाणी धाडकन पडलं, सगळं कालवलं गेलं आणि अंडं तळाला बसलं. हॉटेल हसून लोळलं. हरिबानं अंड्याचे पैसे दिले. "माजा हात चुकला," तो म्हणाला, "तिचं न्हाई चुकायचं. मार्गशीर्षात इचार मला."

वारं सुटलं. घोंगडं अंगाला आलं. हरिबानं फोन करून कळवलं, "वारं सुटलं बरं का हितं." बबिता म्हणाली, तिथलं वारं वेगळं, आबा. पण तिचा आवाज जरा मोकळा झालेला त्याला ऐकू आला.

मार्गशीर्षाची पुनव गेली. वद्य पक्षही संपत आला. गहिनीनाथ आता विचारतही नव्हता, नुसता बघून मिशीत हसायचा, आणि ते जास्त झोंबायचं. बबिताचे फोन आखडले. हरिबा मात्र रोज वाघरीच्या तोंडाशी उभा राहून तेच म्हणे, "एक भाईर हाय."

यादीतून नाव काटायला तीन दिवस उरले होते. दिवस मावळतीला टेकला होता, मेंढरं आत शिरत होती, आणि हरिबाच्या बंडीतला फोन वाजला.

"आबा." पोर रडत होती. "वर आलं. लई खाली दक्षिनेला वाहून गेलतं. पन वर आलं, आन अडकलं होतं तेवढ्या दिवसांचं सगळं मोजून घेऊन आलं. थर मी म्हनलं तेवढाच निघाला, आबा. तेवढाच जाड. थोरल्या सायबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बबिताचं बरोबर होतं."

शेवटची लंगडी मेंढी त्याच्या पायाला घासून आत गेली. चुलीपासून रतनबाईचा आवाज आला, रोजचाच.

"सगळी आली का?"

हरिबानं फोनचा आवाज मोठा केला आणि हात लांबवून तो चुलीकडं धरला. "तिलाच इचार," तो म्हणाला.

रतनबाई पदराला हात पुसत जवळ आली. "बबे, सगळी आली का गं?"

"आली, आये," फोनमधून बबिता म्हणाली. "सगळी आली."

मग हरिबानं वाघरीचं तोंड बांधून घेतलं.