येसाजीला दवाखान्यात ठेवलं

कुडपणच्या येसाजीला माणसं ओळखू येईनात, तेव्हापासून त्याची बायको ठकूबाई एकटीच त्याला सांभाळत होती. बैल कधीच विकले होते, तरी तो पहाटे उठून ते सोडायला निघायचा आणि ती मागं धावायची. तिचं तेवढं नाव त्याला आठवायचं. दिवसभर "ठके, ठके" चालायचं.

नातीचा साखरपुडा गावात करायचं ठरलं, तसा मुंबईचा मुलगा प्रवीण घरी आला. शिमग्यात बापानं पाहुण्यांसमोर धोतर सोडलं होतं, ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"बाबांना महाडला अ‍ॅडमिट करू. कार्यक्रम उरकेपर्यंत."

"त्यांना झालाय काय? खातात, चालतात."

"म्हणूनच," प्रवीण म्हणाला.

महाडच्या डॉक्टरांनी तपासलं. "विसरण्याचा आजार आहे. अ‍ॅडमिट करून काय होणार?"

"अशक्तपणा लिहा ना."

डॉक्टर हसले. "लग्नसराई आली की माझ्याकडं म्हातारे वाढतात. दरवर्षी जास्तच." आणि त्यांनी लिहिलं. शेजारच्या खाटेवर पोलादपूरची प्रयागबाई होती. तिच्या घरी नातवाची हळद होती.

पहाटे येसाजी बैल सोडायला उठला. सलाईन उपटली, रक्त आलं. वॉर्डातल्या मावशीनं पट्टीनं त्याचे हात खाटेला बांधले. तो ठकीला हाका मारत राहिला, तेव्हा नर्सनं झोपेचं इंजेक्शन दिलं. मग रोजच दिलं.

साखरपुडा छान झाला. व्याह्यांनी चौकशी केली, प्रवीणनं डोळे पुसले. "सीरियस आहेत," म्हणाला. ठकूबाई वाढत होती. तिनं ऐकलं आणि पुढच्या पानावर भात घातला. पाहुणे गेल्यावर ती आडवी झाली, ती उन्हं वर आली तेव्हाच उठली. कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती. आधी हायसं वाटलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

दवाखान्यातून परत आणलं तेव्हा येसाजीला जीपमधून उचलून आत घ्यावं लागलं. पायांत त्राण नव्हतं. ठकूबाईनं पेजेची वाटी पुढं केली, तशी त्यानं दोन्ही मनगटं जोडून तिच्यासमोर धरली. बांधायला.

"मी ठकी हाय," ती म्हणाली.

तो बोलला नाही. पुढंही कधी बोलला नाही.

"किती शांत झालेत," सून तेजश्री म्हणाली.

गणपतीच्या आधी प्रवीणचा फोन आला. "आई, या वेळी पाहुणे जास्त आहेत. बाबांना परत..."

ठकूबाईनं येसाजीकडं पाहिलं. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"गाडी लवकर पाठव," ती म्हणाली.