भिंतीच्या पोटातली विभूती

तलावाच्या मातीच्या भिंतीखाली सकाळपासून रांग लागली होती. पायथ्याशी झरा फुटला होता आणि त्यातून राखाडी पाणी येत होतं. "गंगामाय विभूती घेऊन आलीय," चिमटा वाजवत बाबा सांगत होता. "कपाळाला लावा, पोटात घ्या. मूळव्याध, मधुमेह, कोर्टाची तारीख, सगळं सुटतं." तारखेचंही औषध निघाल्यावर चौसाळ्याहून जीपा भरून लोक येणारच.

तलावाचं पाणी शेतांना सोडणारे निवृत्त पाटकरी मुंजाजी, त्यांना ते बघून किळस आली. त्यात त्यांची बायको विमलबाईच कपाळ माखून, बाटली भरून घरी आली.

"नातवाला दोन घोट पाजायचेत."

"त्यो चिखल लेकराच्या पोटात न्हाई जायचा," म्हणत त्यांनी बाटली फळीवर ठेवली. मुलगा-सून ऊसतोडीला गेले होते. भिंतीखालच्या अख्ख्या वस्तीत म्हातारी माणसं आणि लेकरंच उरली होती.

दुसऱ्या दिवशी बाटलीत वर नितळ पाणी आणि तळाला दोन बोटं गाळ होता. मुंजाजींनी तो चिमटीत मळला. चिकट काळी माती. तरुणपणी रोजगार हमीच्या कामावर त्यांनीच ती भिंतीच्या गाभ्यात भरून, पाणी मारून ठोकली होती.

बाटली घेऊन ते तडक रांगेत घुसले. "ही विभूती न्हाई, भिंतीची माती हाय. हितं दरसाल नितळ पाणी झिरपतं. गढूळ आलं म्हंजी भिंत आतून चाललीय."

"नास्तिकाच्या सावलीनं गंगा रुसते," बाबा म्हणाला.

मुंजाजींनी झऱ्याजवळचं भगवं कापड ओढलं. खाली ओली पहार होती आणि हात जाईल एवढं भोक.

"गंगेचं तोंड मोकळं करत होतो," बाबा पुटपुटला.

तलावातलं पाणी उतरवून भिंतीवरचा भार कमी करायला मुंजाजी कालव्याचं गेट उघडायला निघाले, तर सरपंच राधाकिशन आडवे आले. "रब्बीचं पाणी सोडून देता?"

"पाणी पुढच्या साली येईल. वस्ती येईल का?"

सरपंच बाजूला झाले आणि गेट उघडलं. माती अडावी पण पाणी येत राहावं म्हणून लोकांनी भोकावर आधी वाळू, मग खडी टाकली. संध्याकाळी झऱ्याचं पाणी नितळ झालं. ज्वारीच्या पाण्याची एक पाळी गेली आणि पहिल्या जीपनं बाबाही गेला.

विमलबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. पदराला माती लागली. आपल्याच नातवाच्या डोक्यावरची भिंत आपण कपाळाला लावून मिरवत होतो, असं म्हणत त्यांनी पदर धुवायला घेतला.

बाबांनो, भिंतीखाली गढूळ पाणी दिसलं तर हात जोडू नका. ते बाटलीत धरून ठेवा, तळाला काय बसतं ते बघा, आणि लगेच गेट उघडायला माणूस बोलवा.