खाऱ्या पाण्यावरचा आळ

मित्रांनो, मी होड्या समुद्रात सोडणारा एक जुना ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरचे काम शेतात, याला समुद्रात कुणी धाडले, असे तुम्ही म्हणाल. पण न्यूझीलंडच्या आमच्या किनाऱ्याला ना बंदर, ना धक्का. होडी गाड्यावर चढवायची, गाडा मला जोडायचा आणि मी मागे मागे जात लाटांत शिरायचे, ही इथली रीत. माझी पहिली वीस वर्षे मक्याच्या शेतात गेली आणि पुढची तीस खाऱ्या पाण्यात. खरे सांगतो, पाण्यातलीच मला जास्त आवडली. "म्हातारा अजून दमदार आहे हो!" असे कुणी म्हटले की अंगावर मूठभर मांस चढे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझी अब्रू गेली. घरासमोर मी छान धडधडायचो आणि ऐन लाटांत, होडी ओढताना, एकाएकी बंद पडायचो. दोनदा शेजारच्या ट्रॅक्टरने मला दोर लावून बाहेर काढले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

माझी मालकीण हुइया. तिचा नवरा ऑस्ट्रेलियात खाणीवर असतो, म्हणून होडी तीच चालवते आणि मासेही तीच आणते. दुसऱ्या खेपेला तिचा दीर तामाती कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"वहिनी, पुरे झालं आता. शनिवारी गिस्बर्नहून गिऱ्हाईक येतंय. होडी देऊन टाकू आणि हा भंगारात घालू."

"आणि मी काय करू, भावजी? तुमच्या कोंबड्या राखू?"

"दादानं निर्णय आपल्या दोघांवर सोडलाय ना?"

"मग शनिवारपर्यंत थांबा. हा चालला तर होडी राहील. नाही चालला, तर मीच ती गिऱ्हाइकाच्या गाडीला जोडून देईन."

आमच्याकडे सगळा दोष मिठाचा. दार अडकले, मीठ. गुडघा दुखला, तरी मीठच. हुइयानेही तेच धरले. तिने माझे प्लग घासले, त्यांच्या वायरी बदलल्या, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण पावासोबत भट्टीत वाळवले. तरी गुरुवारी मी चढावर पुन्हा बंद पडलो. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि मला तर तोंड नाही!

शुक्रवारी ती माझ्या चाकाला टेकून बसली आणि स्वतःशीच बोलू लागली. "हा झटक्यात बंद पडतो आणि बाहेर ओढून काढला की लगेच चालूही होतो. ओल असती तर इतक्यात कशी वाळली असती?"

मग तिने एक छोटा बल्ब आणला. त्याची एक वायर ठिणगीसाठी विजेचा जोर वाढवणाऱ्या कॉइलमध्ये वीज आणणाऱ्या टोकाला लावली, दुसरी माझ्या लोखंडी अंगाला. मला चालू केले. बल्ब लागला. मग ती एकेक वायर हलवत गेली. अचानक बल्ब विझला आणि त्याच क्षणी मीही थांबलो.

"कॉइलपर्यंत वीजच पोचत नाहीये!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

चावीपासून कॉइलपर्यंतची वायर तिने बोटाबोटाने चाचपली. पेट्रोलच्या नळीपाशी ती लुळी लागली. वरचे वेष्टण धड होते, आतले तांबे तुटले होते. हादरा बसला की ती टोके एकमेकांपासून सुटायची. आणि नेमकी त्याच जागी वायर मासेमारीच्या तंगुसाने नळीला करकचून आवळलेली होती. कुंपणापासून चष्म्यापर्यंत सगळे तंगुसाने बांधणारी माणसे आमची!

"भावजी, ही गाठ कुणाची?" तिने तामातीला बोलावून विचारले.

त्याने वाकून बघितले आणि त्याचा चेहरा फुलला. "माझीच! तीन वेढे, टोक आत. सहा वर्षं झाली. माझी गाठ सुटायची नाही कधी!"

"नाही सुटली. तोच तर घोळ झालाय." तिने तुटके तांबे त्याच्यासमोर धरले.

तो कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याचा गळा मीच आवळला होता? आणि शिव्या समुद्राला!" नवी वायर त्यानेच आणली आणि या वेळी मोकळी, सैल बसवली.

शनिवारी लाटा मोठ्या होत्या. गिऱ्हाईक वाळूत उभे होते. हुइया मासे भरून परतली, तेव्हा तामातीने मला मागे मागे पाण्यात नेले. होडी गाड्यावर चढली. मी कधी थांबतो ते सगळे बघत होते. मी थांबलो नाही! लाट पाठीवर आदळली तरी एकही ठिणगी चुकली नाही, आणि होडी, मासे, हुइया, सगळ्यांना घेऊन मी गर्जत वाळूवर आलो. इतका आनंद मला नवा असतानाही झाला नव्हता.

गिऱ्हाईक होडीपाशी न थांबता पुढे सरकले आणि माझ्याभोवती फिरू लागले. "होडी राहू द्या. हा ट्रॅक्टर देता का?"

हुइयाने तोंड उघडण्याआधीच तामाती माझ्यापुढे आडवा उभा राहिला. "हा? हा आमच्या घरचा माणूस आहे. त्याचा भाव विचारायचा नाही."

मित्रांनो, जुने यंत्र अडले तर त्याला भंगारात काढण्याची घाई करू नका. सरळ त्याच्याजवळ बसा, बल्ब लावा, वीज कुठे अडते ते शोधा आणि त्याच्या वायरी मोकळ्या ठेवा. आम्ही म्हातारे सहसा उगाच बंद पडत नाही. आता मला रजा द्या. भरती आली आहे, आणि तामाती स्वतः मला हाक मारतो आहे.