घेवड्याने कूस बदलली

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला बंद वस्तू बंद बघवत नाही. त्यामुळे लेकीने बरणीत ओल्या कापसावर घेवड्याच्या चार बिया मांडून "कुणीही हात लावायचा नाही" असा हुकूम सोडला, तेव्हाच त्याच्या बोटांना खाज सुटली. लेक आठ वर्षांची, पण दरारा असा की घरात तिला फौजदार म्हणत.

फौजदार रोज शाळेतून आली की बरणीसमोर मांडी ठोकून बियांचं चित्र काढायची. आणि बाप रोज सकाळी ती शाळेत गेली की चिमट्याने एकेक बी उचलायचा, डोळ्याला भिंग लावून तपासायचा नि गुपचूप ठेवून द्यायचा. आता बी काही बंद पडलेलं घड्याळ नव्हे, पण हे त्याला सांगणार कोण?

चौथ्या दिवशी ती वही नाचवत त्याच्या टेबलापाशी आली.

"बाबा, शोध लागला! बिया झोपेत कूस बदलतात! हे बघ, काल बीचा डोळा डावीकडे, आज उजवीकडे. उद्या वर्गात सांगणार मी."

चित्रं अगदी चोख होती. बाप पेचात पडला. गप्प बसावं तर पोर भर वर्गात तोंडघशी पडणार, बोलावं तर आपणच तिच्या मनातून उतरणार.

"फौजदारसाहेब," तो कान पकडत म्हणाला, "कूस मी बदलली. चिमट्याने."

तिचे डोळे भरून आले. ते बाहीने पुसून तिने बरणी उचलली आणि थेट त्याच्या टेबलावर, नाकासमोर ठेवली.

"आता रोज चित्र तू काढायचं. आणि हात लावायचा नाही."

तीन दिवस तो बिचारा घड्याळं उघडत होता आणि बरणीकडे बघून हात मागे घेत होता. चौथ्या दिवशी ती घरी आली, तर बाप दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला. एका बीचं साल फाटून पांढरं मूळ खाली वळलं होतं.

"मी काहीच केलं नाही!" तो म्हणाला. इतक्या अभिमानाने त्याने आजवर कुठलंच काम सांगितलं नव्हतं.

फौजदारने भिंग मागून घेतलं. बरणी बघितली, त्याची चित्रं बघितली, पुन्हा बरणी बघितली. चारही बियांचे डोळे जागच्या जागी होते.

"हं," ती म्हणाली. "सुटलास." आणि त्याच्या मांडीवर चढून बसली.