काथ्यातून सुटलेला कोपरा

मी एक जुना, निळा, पाच लिटरचा डबा आहे. पिंपळगाव राजात जानरावांच्या घरी फळीवर बसून असतो. मित्रांनो, माझ्यात कपाशीवर फवारायचं औषध होतं. औषध म्हणतात, पण ते विष. ज्या दूरच्या देशात मला भरलं, तिथल्या शेतात ते वापरायला बंदी आहे. बनवून बाहेर विकायला मात्र नाही.

जानराव फवारायचे. पाणी आणणं, औषध कालवणं हे काम त्यांच्या बायकोचं, अन्नपूर्णाबाईंचं. घरोघरी असंच चालतं. एके दिवशी दुपारी कालवता कालवता अन्नपूर्णाबाईंना गरगरलं. तरी घरी येऊन त्यांनी मला राख आणि काथ्यानं लख्ख घासलं. शेतात हात धुवायचं पाणी न्यायला डबा होईल म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. लोक म्हणाले, बाईनं हातमोजे घातले नव्हते. हातमोजे दिले होते कोणी?

गावातली अपेक्षा नागपूरला कायदा शिकते. ती सांगते, हे विष बनवणाऱ्या कंपनीवर कंपनीच्याच देशात दावा चालावा का, यावर मोठे विद्वान भांडत आहेत. काही म्हणतात, घेणाऱ्या देशाला आधी कळवलं, त्यानं हो म्हटलं, की विकणारा सुटला. देशानं हो म्हटलं असेल. कालवणाऱ्या बाईला कोणी विचारलं?

एकदा घरी येऊन तिनं मला पाहिलं आणि जानरावांना विचारलं, "काका, याचं लेबल कुठं हाय? नाही तर कंपनी म्हणन, हा डबा आमचा नाहीच."

जानराव म्हणाले, "तिनंच घासून काढलं, बाई. मळकं भांडं तिले खपेच ना."

शेजारचे हिंमतराव म्हणाले, "डबा साक्ष द्याले जाईन, तर पासपोर्ट काढा लागन बे त्याचा."

जानराव हसले नाहीत. त्यांनी मला उचलून उजेडात धरलं. माझ्या मुठीच्या आत, काथ्या पोचत नाही तिथं, लेबलचा नखाएवढा कोपरा चिकटून होता. कंपनीच्या नावाची दोन अक्षरं आणि बॅच नंबरचे चार आकडे.

अपेक्षानं त्याचे फोटो काढून कंपनीवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांना पाठवले. एवढ्यावर काय सिद्ध होतं, असं विचारणारे भेटतीलच. मला विचारा ना. मी कुठून आलो ते मला ठाऊक आहे. पण डब्याची साक्ष कोण घेतो?

मित्रांनो, असा डबा घरी आला तर आईला हातानं कालवू देऊ नका. त्यात पाणी भरू नका. आणि त्याचं लेबल कोणाला घासू देऊ नका. अन्नपूर्णाबाईंच्या हातून आयुष्यात एवढाच कोपरा मळका राहिला, आणि त्यांच्या बाजूनं आज तेवढाच बोलतो आहे.